ग्लेनफिननचा घोडा : एका ऐतिह्याचें परीक्षण

पश्चिम स्कॉटलंडांत फोर्ट विल्यमपासून मॅलेग बंदरापर्यंत जो लोहमार्ग इ. स. १९०१ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस सुरू झाला, त्याच्या एका पुलाविषयीं तिकडे एक कथा सांगतात. पुलाच्या पोकळ खांबांत डबर भरण्याचें काम चाललें असतां डबराची एक गाडी कांठावरून घसरली व गाडीसह घोडा खांबाच्या पोटांत पडला. तो पुन्हा वर निघाला नाहीं. वर कमानी चढल्या, रूळ पडले, गाड्या धांवूं लागल्या, आणि घोडा आहे तेथेंच राहिला. ही कथा ग्लेनफिनन येथील एकवीस कमानींच्या पुलास जोडलेली होती. इ. स. १९८७ मध्यें ती खोटी ठरली. इ. स. २००१ मध्यें ती खरी ठरली. परंतु दुसऱ्याच पुलावर.

या त्रैमासिकाच्या वाचकांस आगगाडीच्या सडकांशीं फारसें कर्तव्य नसतें, हें आम्ही जाणून आहों. सनदा, महजर, करीने व जुन्या पोथ्या यांत रमणाऱ्या मंडळींपुढें स्कॉटलंडांतील एका मेलेल्या घोड्याची गोष्ट आणणें म्हणजे काकदंतपरीक्षाच होय, असेंहि कोणी म्हणेल. परंतु तोंडची परंपरा व प्रत्यक्ष पुरावा यांचा झगडा या प्रकरणांत जितका स्वच्छपणें पाहावयास मिळतो, तितका दुसऱ्या कोठें आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. येथें साक्षीदार काँक्रीटचा आहे. त्यास वाळवी लागत नाहीं, आणि त्यावर मागाहून कोणीं हात फिरविलेला नाहीं. शिवाय या प्रकरणाची जी हकीकत सामान्यतः छापली जाते, तिच्यांत निर्णयाचा एक दोष राहून गेला आहे असें आमचें मत झालें आहे. तो दोष आपल्याकडील संशोधनांतहि वारंवार घडतो, म्हणून हें परीक्षण येथें देण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम सडकेची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा पाहिला तर जमीन व समुद्र यांनीं एकमेकांच्या हातांत बोटें गुंतवून ठेवल्यासारखें दिसतें. खाड्या मैलच्या मैल आंत शिरलेल्या व डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले. मासळी विपुल, परंतु गिऱ्हाईक दूरच्या शहरांत. आणि मासळी ही वाट पाहणारी वस्तु नव्हे. यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निरनिराळ्या कंपन्यांच्या सडका या किनाऱ्याकडे चढाओढीनें येऊं लागल्या. डिंगवॉल व स्काय या सडकेनें इ. स. १८७० मध्यें स्ट्रोम फेरी गांठली. तेथून पुढें काइल ऑफ लॉखॅल्शला जाऊन पोंचण्यास मात्र १८९७ साल उजाडलें. कॅलेंडर व ओबन ही सडक १८८० मध्यें ओबनला पोंचली. तिसरी वेस्ट हायलंड. इ. स. १८८९ च्या कायद्यानें तिला फोर्ट विल्यमपर्यंत येण्याची परवानगी मिळाली. त्याच्याहि पुढें रॉशव्हेन येथें समुद्रास भिडावें असा मूळचा बेत होता, तो जमीनमालकांच्या विरोधामुळें सोडून द्यावा लागला. रॉशव्हेनचे मालक ह्यू ब्लॅकबर्न हे ग्लासगो विद्यापीठांतील गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. निवृत्त शिक्षकाची शांतता भंगणें ही गोष्ट कंपनीस वाटली तितकी सोपी नव्हती, एवढेंच आम्ही स्वानुभवानें म्हणतों.

फोर्ट विल्यमची सडक १८९४ च्या ऑगस्टच्या ७ तारखेस सुरू झाली खरी, परंतु तें गांव एका लांब खाडीच्या टोंकाशीं पडतें. खुल्या समुद्रांतून येणाऱ्या मासळीच्या होड्यांस तें सोयीचें नव्हतें. म्हणून तेथून पश्चिमेस सुमारें चाळीस मैलांवरील मॅलेगची निवड झाली व त्याच वर्षीं जुलैअखेर तिचा कायदाहि झाला. राहिला प्रश्न पैशाचा. डोंगर, दलदल, विरळ वस्ती. असल्या मुलखांत भांडवल कोण गुंतविणार? तेव्हां इंग्रज सरकारनें स्वतः हमी द्यावी असा विचार पुढें आला. हायलंडांतील लहान कुळांची दैना हा त्या वेळीं मोठा राजकीय प्रश्न झाला होता. लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखालीं १८८३ मध्यें चौकशी मंडळ नेमलें गेलें, पुढील वर्षीं त्याचा अहवाल निघाला, १८८६ मध्यें कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. मासेमारीस वाट करून दिली तर या लोकांस पोटापाण्याचा आधार होईल, असा युक्तिवाद होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, लोकांच्या करांतील पैसा खाजगी कंपनीच्या भागीदारांच्या खिशांत घालण्याचा हा मार्ग आहे. अखेर १८९६ मध्यें हमीचा कायदा संमत झाला. त्या अन्वयें २,६०,००० पौंडांच्या भांडवलावर शेंकडा ३ प्रमाणें तीस वर्षें व्याजाची हमी मिळाली, आणि मॅलेगच्या धक्क्याच्या ४५,००० पौंड खर्चापैकीं ३०,००० पौंड सरकारनें द्यावयाचें ठरलें. आपल्या देशांत सरकारी हमीवर सडका बांधण्याची चाल त्यापूर्वीं कित्येक वर्षें चालू होती. खुद्द ब्रिटनमध्यें मात्र ही गोष्ट इतकी नवी वाटली कीं, त्या वादानें पार्लमेंटचा बराच वेळ घेतला.

इ. स. १८९७ च्या जानेवारीच्या २१ तारखेस कॉर्पाख येथें पहिली कुदळ पडली. कंत्राट ग्लासगोच्या रॉबर्ट मॅकआल्पाइन यांचें. या गृहस्थांस लोक 'काँक्रीट बॉब' म्हणत, आणि हें नांव याच सडकेनें सार्थ केलें. तेथील खडक इतका कठीण कीं, तो घडून चिरे काढणें परवडेना. म्हणून खोदाईंतून निघालेला दगड फोडून त्याचेंच काँक्रीट करावें व पूल त्या काँक्रीटचे ओतावे असें ठरलें. लोखंडी सळ्या नाहींत, निव्वळ भरीव काँक्रीट. ग्लेनफिननच्या पुलास ५० फुटी २१ कमानी आहेत. लांबी ४१६ यार्ड, उंची सुमारें १०० फूट, खर्च १८,९०४ पौंड. सबंध पूल धनुष्यासारखा वांकलेला आहे. पुढें बॉरोडेल येथें १२७ फूट ६ इंच गाळ्याची एकच कमान टाकली. काँक्रीटची एवढी मोठी कमान त्या काळीं जगांत दुसरी नव्हती. त्याच्या पलीकडे नव्हे, अलीकडेच, लॉख नान ऊव या खाडीच्या कांठीं आणखी एक पूल आहे. त्यास ५० फुटी आठ कमानी. चार एका अंगास, चार दुसऱ्या अंगास, व मध्यें एक अगडबंब खांब. या नांवाचा गेलिक भाषेंतील अर्थ गुहांची खाडी असा आहे. प्रवासी त्या बाजूस समुद्र पाहण्यांत गुंतलेला असतो. पुलाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वाचकांनीं मात्र तो मधला खांब ध्यानांत ठेवावा.

वरील सर्व आंकड्यांस कागद आहेत. कायद्यांचीं पुस्तकें आहेत, पार्लमेंटांतील वादविवाद छापलेले आहेत, कंपन्यांचे हिशेब आहेत. या सडकांचा इतिहास लिहिणाऱ्यांचीहि वाण नाहीं. हायलंड रेल्वेवर एच. ए. व्हॅलन्स यांचा ग्रंथ १९३८ मध्यें निघाला; वेस्ट हायलंडवर जॉन टॉमस यांचें पुस्तक १९६५ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि तें रसाळ आहे. कंपन्यांचीं भांडणें, जमीनमालकांचे हट्ट, कंत्राटदाराची कल्पकता हीं सर्व त्यांत जिवंत होऊन येतात. परंतु कागदांचा एक स्वभाव आहे, तो येथें उघड करून दाखविण्यासारखा आहे.

बॉरोडेलच्या बाजूस सुरुंग उडत असतां कंत्राटदाराचा मुलगा माल्कम मॅकआल्पाइन उडालेल्या दगडांनीं अतिशय जखमी झाला. ग्लासगोहून विल्यम मॅकयूएन हे त्या काळचे अग्रगण्य शस्त्रवैद्य धांवून आले, शस्त्रक्रिया झाली व मुलगा वांचला. ही हकीकत त्या वेळीं लोकांपुढें आली, नंतर ग्रंथांत शिरली व आज कोणासहि वाचावयास मिळते. आतां त्याच सडकेवर, त्याच काळांत, डबराची गाडी हांकणारा कोणी एक मनुष्य आपला घोडा खांबांत गमावतो. घोड्याची किंमत हिशेबांत खर्चीं पडली असेल. त्यापलीकडे ही घटना कागदावर येण्याचें कारण काय? मालकाचा मुलगा कागदांत जगला, गाडीवानाचा घोडा लोकांच्या तोंडांत. सामान्य मनुष्य कागदांत येतो तो बहुधा सरकारपुढें उभा राहिला म्हणजे. स्ट्रोम फेरी येथें १८८३ च्या जूनच्या ३ तारखेस, रविवारीं, मासळीची गाडी जाऊं द्यावयाची नाहीं म्हणून तेथील धर्मनिष्ठ कोळ्यांनीं धक्का अडवून धरला. दहा जणांस कैदेची शिक्षा झाली, आणि खटला झाला म्हणून त्या दहांचीं नांवें दप्तरांत उतरलीं. गाडीवानानें कोणताहि गुन्हा केला नव्हता. त्याची गाडी घसरली एवढेंच.

अशा घटनेचें साधन एकच उरतें, ज्यास आपले शास्त्रकार ऐतिह्य म्हणतात. पौराणिकांनीं यास स्वतंत्र प्रमाण मानलें. नैयायिकांनीं तें शब्दांत घालून मोकळे झाले. त्याचें लक्षण असें कीं, ज्याचा मूळ वक्ता कोण तें कळत नाहीं, परंतु जें एकामागून एक सर्व सांगत आले आहेत, तें वाक्य. न्यायाच्या पाठशाळेंत याचें जें ठरीव उदाहरण देतात तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पाठ असेल: या वडावर यक्ष राहतो. यक्ष कोणीं पाहिला? कोणीं नाहीं. वड मात्र समोर आहे, आणि रात्रीं त्याच्याखालून जाण्यास कोणी तयार नसतो. ग्लेनफिननचा खांब हा असाच वड होता व घोडा हा यक्ष.

या यक्षाची परीक्षा करण्याचें काम रोलंड पॅक्स्टन यांनीं केलें. हे एडिंबरो येथील हेरियट-वॉट विद्यापीठांत स्थापत्याचे प्राध्यापक. जुन्या पुलांच्या इतिहासाचे व्यासंगी. ग्लेनफिननच्या पुलास जे इतके खांब आहेत, त्यांपैकीं घोडा व गाडी मावेल एवढे रुंद दोनच. इ. स. १९८७ मध्यें पॅक्स्टन यांनीं त्या दोन खांबांस भोंकें पाडून आंत मत्स्यनेत्री भिंगाचा कॅमेरा सोडला. हें भिंग एका स्थानीं राहून चोहोंकडील भिंती एकदम दाखवितें. आंत घोडा नव्हता, गाडी नव्हती.

हा निर्णय आम्हीं तपासून पाहिला व तो आम्हांस सर्वथैव मान्य आहे. कारण येथें नुसतें न दिसणें नाहीं, तर मीमांसक ज्यास योग्यानुपलब्धि म्हणतात तें आहे. जमिनीवर घट नाहीं असें म्हणावयाचें असेल, तर घट असता तर जमिनीप्रमाणेंच तोहि दिसला असता, एवढें प्रथम सिद्ध झालें पाहिजे. उजेड पाहिजे, डोळा धड पाहिजे, मध्यें आडपडदा नको. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. ग्लेनफिननच्या दोन खांबांत पोकळी होती, दिवा होता, भिंग होतें. घोडा असता तर दिसता. तो दिसला नाहीं, म्हणून तो तेथें नाहीं.

आतां पुढील पायरी. दहा वर्षांनीं, इ. स. १९९७ मध्यें, त्या भागांतील लोकांच्या ऐकीव माहितीवरून पॅक्स्टन यांनीं तोच कॅमेरा लॉख नान ऊवच्या पुलावर नेला. तेथें खांब डबरानें भरलेले आढळले. कॅमेऱ्यास डबराशिवाय कांहीं दिसलें नाहीं. या ठिकाणीं उतावळा संशोधक काय म्हणाला असता? येथेंहि घोडा नाहीं; कथा दोन ठिकाणीं खोटी ठरली; प्रकरण मिटलें. परंतु वरील कसोटी लावून पाहा. डबर हाच येथें आडपडदा आहे. घोडा असता तरी तो या कॅमेऱ्यास दिसलाच असता असें म्हणतां येत नाहीं. म्हणजे ही अनुपलब्धि योग्य नव्हे, आणि जी योग्य नव्हे तिच्यावरून अभाव सिद्ध होत नाहीं. उलट खांब डबरानें भरलेला असणें ही गोष्ट कथेस अनुकूलच आहे, कारण कथेंतील गाडी डबर ओतण्यासच आली होती. ग्लेनफिननच्या मोकळ्या खांबांत डबराची गाडी कशाकरितां जाईल, हा प्रश्न १९८७ पूर्वींच कोणाच्या मनांत यावयास हरकत नव्हती. पॅक्स्टन यांनीं तेथें हात टेकले नाहींत, हें त्यांस भूषणावह आहे. चार वर्षांनीं, इ. स. २००१ मध्यें, रडारच्या लहरी आंत सोडून तपासणी केली, तेव्हां त्या पुलाच्या मधल्या अगडबंब खांबांत घोडा व गाडी यांचे अवशेष आढळून आले.

येथपर्यंत संशोधकाचें काम. त्यावर आमची टीका नाहीं. टीका आहे ती या कामाच्या प्रचलित वर्णनावर. सामान्यतः असें लिहिलें जातें कीं, ग्लेनफिननची दंतकथा शास्त्रानें खोटी पाडली व नंतर शास्त्रानेंच दुसरीकडे खरा घोडा शोधून काढला. जणूं यंत्र आपण होऊन लॉख नान ऊवला चालत गेलें! त्या किनाऱ्यावर पूल कांहीं दोनच नाहींत. यंत्रास त्या विवक्षित पुलाकडे कोणीं नेलें? लोकांच्या बोलण्यानें. ज्या परंपरेस १९८७ मध्यें खोटी म्हटलें, तिचाच दुसरा पाठ १९९७ मध्यें मार्गदर्शक झाला. पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर एका प्रतींत पाठ भ्रष्ट होता, दुसरींत शुद्ध होता. आणि भ्रष्ट प्रत हातीं आधीं आली. भ्रष्ट प्रत सांपडली म्हणून मूळ ग्रंथच नव्हता असें आपण म्हणत नाहीं. भ्रंशाचें स्थान कोठें आहे व तो कां झाला, हें पाहतों.

येथें भ्रंश फक्त स्थलनामाचा आहे. घोडा, गाडी, डबर, पोकळ खांब, चालू बांधकाम हीं सर्व अंगें दोन्ही पाठांत समान आहेत व खरीं ठरलीं आहेत. काळहि बांधून देतां येतो: १८९७ चा जानेवारी व १९०१ चा एप्रिल यांच्या दरम्यान. गांवाचें नांव तेवढें बदललें. कां बदललें, याचा विचार केला असतां कारण दूर शोधावें लागत नाहीं. राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट यानें १७४५ च्या ऑगस्टच्या १९ तारखेस आपलें निशाण ग्लेनफिनन येथें उभारलें. तेथें १८१५ मध्यें स्मारकाचा उंच स्तंभ झाला. आगगाडीचें स्टेशन तेथें, सरोवर तेथें, एकवीस कमानींचें वळण तेथें. बँक ऑफ स्कॉटलंडनें २००७ सालच्या दहा पौंडांच्या नोटेवर हाच पूल छापला. त्यापूर्वीं २००२ मध्यें हॅरी पॉटरच्या चित्रपटांत उडत्या मोटारीमागून आगगाडी याच कमानींवरून धांवली, आणि आतां लहान मुलें तेवढ्याकरितां तेथें जातात. सांगणाऱ्यानें लॉख नान ऊव म्हटलें तर ऐकणारा विचारतो, तें कोठें आलें? ग्लेनफिनन म्हटलें कीं कथा पुढें चालते. नवविवाहितेस अरुंधती दाखवावयाची असतां प्रथम शेजारची ठळक तारका दाखवितात, मग तिच्या आधारानें नजर बारीक तारकेकडे नेतात. लोकांनीं तेवढेंच केलें; ठळक तारकेवर बोट ठेवलें. नजर पुढें नेण्याचें काम संशोधकाचें होतें.

यांत एक गंमत अशी कीं, प्रसिद्धीनें ज्या स्थानावर अन्याय केला तें स्थान इतिहासास कांहीं परकें नाहीं. तोच राजपुत्र १७४५ च्या जुलैंत त्या मुख्य भूमीवर आला तो लॉख नान ऊवच्या कांठीं, आणि सर्वस्व गमावून १७४६ च्या सप्टेंबरच्या २० तारखेस फ्रेंच जहाजांत चढला तोहि तेथूनच. निशाण उभारल्याची जागा लोकांच्या तोंडीं राहिली. पळून गेल्याची जागा मागें पडली. तेथें १९५६ मध्यें दगडांची एक रास रचली आहे.

या प्रकरणानें आम्ही अस्वस्थ कां झालों, तें आतां सांगणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, शाळेंत असतांना, दिवाळीच्या सुटींत आम्ही जुने कागद शोधीत हिंडत असूं. एका खेड्यांतील वृद्ध स्त्रीनें आम्हांस सांगितलें कीं, तिच्या सासऱ्यांनीं एक दप्तर देवळाच्या भिंतींतील कोनाड्यांत चिणून ठेवलें आहे. गांवच्या मोठ्या देवळांत आम्ही गेलों. कोनाडा चुनेगच्ची होता, पुजाऱ्याच्या परवानगीनें तो उकरून पाहिला, आंत माती. आम्हीं टिपणवहींत 'निराधार' असा शेरा मारला व पुढल्या गांवास निघालों. नऊ वर्षांनीं त्याच खेड्याच्या वाडींतील, ज्यास कोणी देऊळ म्हणणार नाहीं अशा एका घुमटीची भिंत पावसानें पडली, आणि तींतून कागदांचा लगदा निघाला. वाळवीनें व ओलीनें त्याचें जें केलें होतें त्यावरून मोडीचीं चार अक्षरें सलग लागेनात. त्या म्हातारीनें देऊळ म्हटलें होतें. कोणतें देऊळ हें आम्हीं विचारलें नव्हतें. मोठें देऊळ एकच आहे, मग दुसरें कोणतें असणार, असें आम्हीं आपल्याशींच धरून चाललों. मोठ्या देवळांतील आमचा शोध योग्यानुपलब्धीच्या कसोटीस पूर्ण उतरणारा होता. चूक शोधांत नव्हती, शेऱ्यांत होती. घोड्यास वाळवी लागली नाहीं, म्हणून तो चौदा वर्षें थांबूं शकला.

आतां एकदोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, रडारनें जें दाखविलें ती छाया आहे, वस्तु नव्हे; खांब फोडून हाडें हातांत घेतल्याखेरीज निर्णय पक्का मानूं नये. आम्हांस हा आक्षेप दुराग्रहाचा वाटतो. त्या खांबावरून गाड्या चालतात. घोड्याकरितां पूल पाडण्याचा सल्ला कोणी देणार नाहीं. आणि छाया एकटी नाहीं, ती परंपरेशीं जुळलेली आहे. नुसत्या छायेवरून कोणीं घोडा म्हटलें असतें तर आम्हीं मान हलविली नसती. नुसत्या कथेवरूनहि हलविली नसती. दोन स्वतंत्र साक्षीदार, एकमेकांस न विचारतां, एका खांबाकडे बोट दाखवितात, तेव्हां न्यायसभा आणखी काय मागणार?

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. एक कथा खरी ठरली, तर मग सर्वच खऱ्या मानाव्या काय? आपल्याकडे बुरुजाखालीं कोणी तरी जिवंत गाडल्याची कथा नाहीं असा किल्ला विरळा; त्या सर्वांस आतां प्रमाणपत्र द्यावयाचें काय? मुळींच नाहीं. बुरुजाच्या कथा हव्या असतात; त्यांनीं बुरुजास भय व महत्त्व येतें, आणि बांधणाऱ्याचें कूळ मोठें होतें. ज्या कथेनें कोणाचा तरी फायदा होतो तिच्याकडे संशयानेंच पाहिलें पाहिजे. डबराच्या गाडीच्या कथेनें कोणाचाच फायदा होत नाहीं. कंत्राटदारास ती भूषणावह नाहीं, कंपनीस नाहीं, गांवास नाहीं. शिवाय तिच्यांत चमत्कार नाहीं. घोडा रात्रीं खिंकाळतो असें ती म्हणत नाहीं. ती इतकी ओबडधोबड आहे कीं रचण्याची कोणास गरजच नव्हती. याच सडकेविषयीं दुसरी एक कथा आहे कीं, दंतवैद्याचें पाण्याच्या जोरावर फिरणारें यंत्र पाहून धाकट्या मॅकआल्पाइन यांस खडक फोडण्याचीं यंत्रें पाण्यावर चालविण्याची युक्ति सुचली. पाण्याच्या शक्तीचा उपयोग झाला हें खरें. परंतु दंतवैद्याची खुर्ची फार नेटकी आहे, आणि तीवर बसणारा मालकाचा मुलगा आहे. या कथेवर आम्ही घोड्याइतका विश्वास ठेवणार नाहीं. तिला तपासावयास कॅमेरा नाहीं कीं रडार नाहीं, हें तिचें भाग्य.

गाडीवानाविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. घोडा व गाडी सिद्ध झालीं एवढ्यावरून त्यांच्याबरोबर मनुष्यहि गेला असें जे सुचवितात, त्यांस त्या तपासणीचा आधार नाहीं. ती घोडा व गाडी यांपलीकडे कांहीं सांगत नाहीं. खांबाच्या कांठावर उभा राहून त्यानें खालीं पाहिलें, आणि संध्याकाळीं मजुरांच्या झोंपड्यांत जाऊन तें कोणास तरी सांगितलें, असें मानणें अधिक सयुक्तिक आहे. कारण कोणीं तरी सांगितल्याशिवाय कथा सुरू झाली नसती. ऐतिह्याचा अज्ञात मूळ वक्ता तो हाच असावा असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो येथें देत आहों.

आमच्या जुन्या टिपणवहींतील त्या खेड्याच्या नांवापुढील 'निराधार' हा शेरा आम्हीं खोडला असून, त्याच्या जागीं 'स्थलभ्रम. वाडी पाहिली नाहीं' असें लिहून खालीं तारीख घातली आहे. त्याच वहींत तसलाच शेरा असलेलीं आणखी अकरा गांवें निघालीं. पैकीं चार आमच्या गांवापासून एका दिवसाच्या वाटेवर आहेत.